वाट त्यांची, जनावर सरकारचे, पीक कोणाचे?



भात पोटरीला येण्याच्या सुमारास आम्ही चौघे मावळातून पुण्याला गेलो होतो. काम दोन तासांचे. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत झटका मशीनची बॅटरी, तार आणि इन्सुलेटर घ्यायचे आणि संध्याकाळच्या लोकलने परतायचे. विजेच्या सामानाची ही गल्ली शेतकऱ्याला नवी नाही. मोटारीचा स्टार्टर जळला, केबल तुटली की पाय इकडेच वळतात. सामान झाले. पोराच्या शाळेची पुस्तके घ्यायची होती म्हणून तारेचे भेंडोळे खांद्यावर टाकून पाच मिनिटांवरच्या अप्पा बळवंत चौकात गेलो.

पुस्तकांच्या दुकानात कॉलेजची चार मुले पाठीवर सॅक अडकवून किल्ल्यांची पुस्तके चाळत होती. एकाने तारेकडे पाहून विचारले, "काका, ही कशाला?"

"डुकरांसाठी."

"म्हणजे मारता तुम्ही त्यांना?"

"मारता आले असते तर बाबा, तार घ्यायला इथवर कशाला आलो असतो?"

मुलगा हसला. मग गाव विचारले, शिवार विचारले आणि त्याचा चेहरा जरा उतरला. "आम्ही दर पावसाळ्यात तिकडूनच वर चढतो. मग आम्हाला शॉक बसेल ना?"

मुलगा भला होता आणि प्रश्न अगदी खरा होता. डोंगराची वाट आमच्या खाचराच्या बांधावरून जाते. त्याच बांधावर आता तार येणार. तार घातली नाही तर रानडुक्कर एका रात्रीत वर्षाचे भात लोळवते. तार घातली तर पुण्याच्या मुलांची वाट अडते. त्या दिवशी चहा पिता पिता त्या मुलांशी अर्धा तास बोललो. त्यांना जे धड सांगता आले नाही ते इथे सांगतो, कारण जिल्ह्यातल्या डोंगरकडेच्या प्रत्येक गावात हा तंटा उभा आहे आणि आपल्या बैठकांत तो अजून कधी विषयपत्रिकेवर आलेला नाही.

आधी चालणाऱ्यांविषयी. गो. नी. दांडेकरांपासून प्र. के. घाणेकरांपर्यंत लेखकांनी शहरातल्या दोन-तीन पिढ्यांना गडावर चढायला लावले. ते चांगलेच झाले. सिंहगडावर पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही विकून कितीतरी घरे चालली. राजगडाखाली, तोरण्याखाली, लोहगडाखाली जेवणाची, मुक्कामाची सोय करून चार पैसे मिळू लागले. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तीन एकट्या पुणे जिल्ह्यातले. आता गर्दी वाढणार, कमी होणार नाही.

पण या गडांवर जाणारी वाट कोणाची, हे विचारायचे कोणाला सुचत नाही. गड पुरातत्त्व खात्याचा, उतार वनखात्याचा आणि पायथा आमचा. कायदा काय सांगतो? जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ नुसार बांधावरून जाण्या-येण्याचा रस्ता मिळतो, पण तो आपल्या शेतात जाणाऱ्या शेतकऱ्याला. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार कोर्ट अधिनियम १९०६ खाली तहसीलदाराकडे जाता येते. तीही सोय शेतकऱ्याचीच. फिरायला आलेल्या माणसाला खाजगी रानातून जाण्याचा हक्क देणारा कायदा आपल्याकडे नाही. तो येतो तो आमच्या मुरवतीवर. आजवर कोणी हटकले नाही, कारण गडावर जाणाऱ्याला अडवणे हे आमच्या रक्तात नाही. तहानलेल्याला पाणी दिले, चुकलेल्याला वाट दाखवली आणि दरीत अडकलेल्याला काढायला रात्री दोर घेऊन गावातलेच पोर गेले.

मुरवतीचा अर्थ मात्र फुकट असा लावला गेला. जुलैमध्ये लावणी चालू असते. ताज्या बांधावरून दोनशे माणसे गेली की बांध फुटतो आणि खाचरातले पाणी खालच्याच्या शेतात जाते. तो निस्तरायचा कोणी? बाटल्या, पिशव्या आणि नंतर बैलाच्या खुरात घुसणाऱ्या काचा यांच्याविषयी न बोललेले बरे. ३० जून २०२४ ला लोणावळ्याजवळ भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच घरातली पाच माणसे वाहून गेली. पुढच्या वर्षी १५ जूनला कुंडमळ्याचा पूल कोसळला. असे काही घडले की जिल्हाधिकाऱ्यांचा बंदीहुकूम निघतो. हुकूम काढताना गावाला विचारत नाहीत. बंदी आली की भाकरीची टोपली घरी, बंदी उठली की बांध फुटलेला. दोन्हीकडून मार आपल्यालाच.

आणखी एक गोष्ट त्या मुलांनाही ठाऊक नव्हती. मुळशी-मावळात गेल्या तीस वर्षांत डोंगराच्या सोंडाच्या सोंडा शहरातल्या धनिकांनी घेतल्या. १९९६ साली राज्य सरकारने गिरिस्थानांचे धोरण आणले आणि पुढे मोठमोठे प्रकल्प उभे राहिले. त्यांच्या पाठोपाठ फार्महाऊसे आली. तिथे आठ फुटी भिंत आहे, फाटकावर वॉचमन आहे, आत कुत्रे आहे. जुनी पायवाट त्या भिंतीखाली गेली. ट्रेकर तिथे तक्रार करत नाही. तो मुकाट्याने वळसा घालतो आणि तो वळसा आमच्या खाचरातून जातो. भिंतवाल्याच्या मालकीला सलाम आणि बांधवाल्याच्या मालकीला लाथ, हा शहाणपणा कोणी शिकवला?

आता जनावराकडे येऊ. डोंगर, शिकार आणि राजा यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींनी पाळलेले चित्ते माळावर काळवीट धरत. दाजीपूरचे जंगल हे त्यांचे राखीव शिकारीचे रान. १९५८ साली तिथे गव्यांचे अभयारण्य झाले, राज्यातले पहिले. राजा गेला, त्याची शिकार गेली, जनावर राहिले. आता ते सरकारचे. राधानगरीकडचे शेतकरी आज उसात गवा शिरला की फटाके घेऊन धावतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली. त्या वेळी वाघ संपत आला होता, बंदी हवीच होती. आम्ही आजही वाघाच्या आणि काळविटाच्या शिकारीची परवानगी मागत नाही. पण रानडुक्कर संपत आलेले नाही. एका वितीत पाच-सहा पिले घालणारे हे जनावर उसाच्या आणि घाणेरीच्या आडोशाने गावठाणापर्यंत आले आहे. विदर्भात आणि मराठवाड्यात रोह्यांचे कळप तूर आणि हरभरा साफ करतात. बंदी सर्वांना एकाच मापाने लावली आणि तिचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या नावे मांडला.

कायद्यात वाट नाही असे नाही. कलम ११ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला, उभ्या पिकासह, धोकादायक झालेले जनावर मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी देऊ शकतो. जुलै २०१५ मध्ये राज्य सरकारने रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी हे अधिकार वनक्षेत्रपालापर्यंत खाली आणले. कागद उत्तम आहे. पण परवाना घेऊन मारायचे कशाने? बंदूक कोणाकडे आहे? कोकणात आणि घाटमाथ्यावर काहींकडे शेती संरक्षणाच्या परवान्याची जुनी ठासणीची बंदूक आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. आता तारखा पाहा. विधानसभेचे मतदान २०१४ साली १५ ऑक्टोबरला झाले, २०१९ साली २१ ऑक्टोबरला आणि २०२४ साली २० नोव्हेंबरला. भात पिकायच्या आणि कापायच्या दिवसांत तीनही वेळा आचारसंहिता लागलेली. डुकरांना आचारसंहिता लागू नसते.

बरे, परवाना मिळाला, बंदूकही मिळाली, डुक्कर पडले. मग ते कोणाचे? कलम ३९ प्रमाणे सरकारचे. पीक खाताना ते कोणाचेच नव्हते, भरपाई मागायला गेलो तर पंचनामा होईपर्यंतही कोणाचे नसते. पडले की लगेच सरकारची मालमत्ता होते! त्याचे मांस खाता येत नाही की विकता येत नाही.

पंचनाम्याचे सांगायला नको. पाहणाऱ्याला मोडलेली धाटे दिसतात, न भरलेली कणसे दिसत नाहीत. ताडोबाच्या पश्चिम सीमेवरच्या शेतांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात असेच आढळले की डोळ्यांनी पाहून काढलेला नुकसानीचा अंदाज प्रत्यक्ष घटलेल्या उत्पन्नापेक्षा फारच कमी भरतो. आपण हे वर्षानुवर्षे सांगत होतो, आता शास्त्रज्ञांनी मोजून सांगितले. शिवाय माळ्यावर जागून काढलेल्या रात्रींची मजुरी कोणत्याच पंचनाम्यात नसते. डुकराच्या भीतीने लोकांनी भुईमूग आणि रताळी सोडली, वरकस पड टाकली. न पेरलेल्या पिकाची भरपाई कोण देणार?

९ डिसेंबर २०२० ला पुण्यात कोथरूडच्या महात्मा सोसायटीत एक गवा शिरला. बघ्यांची गर्दी झाली, धावपळ झाली, पकडल्यावर काही वेळातच तो मेला. सारे शहर हळहळले. आम्हालाही वाईट वाटले. गव्याने काहीच गुन्हा केला नव्हता. पण त्या सकाळी शहराला एक गोष्ट कळायला हवी होती. एक गवा काही तास दारात आला तर काय गोंधळ उडतो? तोच गवा, तेच डुक्कर रोज रात्री आमच्या दारात असते आणि आमच्याकडून अपेक्षा अशी की हात जोडून उभे राहावे.

आपल्या माणसांच्या चुकाही लपवणार नाही. काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत थेट घरचा किंवा पंपाचा वीजप्रवाह सोडतात. त्यात डुक्कर मरते, बिबट्या मरतो, शेजाऱ्याची म्हैस मरते आणि पहाटे परसाकडे निघालेला आपलाच भाऊ मरतो. उद्या एखादा ट्रेकरही मरेल. हा गुन्हा आहे आणि त्याची पाठराखण या पानावर होणार नाही. झटका मशीनची गोष्ट वेगळी. तिचा झटका थांबून थांबून बसतो, जनावर पळते, मरत नाही. राज्य सरकारच्या श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळते. ज्यांनी अर्ज केले नसतील त्यांनी करावेत. कोणी फासे लावून मांस विकत असेल तर त्यालाही शेतकऱ्याचे नाव लावू नये.

हा तंटा जगात आपल्याच वाट्याला आलेला नाही. स्कॉटलंडमध्ये डोंगरच्या डोंगर जमीनदारांच्या खाजगी इस्टेटी आहेत. तिथे लाल हरणांची शिकार पैसे घेऊन करू देतात, बंगले आणि रखवालदार त्यावर चालतात. त्याच डोंगरांवर शहरातले लोक चालायला जातात. शिकारी तासन् तास रांगत हरणाजवळ पोचतो आणि पलीकडून गिर्यारोहकांची टोळी गाणी म्हणत आली की हरीण पसार. दोघांचे अनेक वर्षे भांडण होते. १९९६ साली दोन्ही बाजूंनी बसून एक समझोता केला. २००३ साली कायदा आला आणि २००५ पासून चालणाऱ्याला खाजगी डोंगरावर जबाबदारीने फिरण्याचा हक्क मिळाला. बदल्यात त्याने हंगामात शिकार कोणत्या अंगाला चालू आहे याची चौकशी करून, सुचवलेल्या दुसऱ्या वाटेने जावे, अशी संहिता झाली.

त्या कायद्यातल्या दोन गोष्टी आपण नीट वाचाव्यात. पहिली, पेरलेल्या किंवा उभ्या पिकातून चालण्याचा हक्क त्यांनीही दिलेला नाही. कडेने, बांधाने जावे असे आहे. दुसरी त्यांच्या १९९६ च्या हरीण कायद्यात आहे. पिकाचे गंभीर नुकसान होत असेल तर जमीन कसणारा माणूस, मग तो मालक नसून कूळ असला तरी, आपल्या शेतातले हरीण बंद हंगामातही मारू शकतो. जमीनदारांच्या त्या देशाला कुळाचे पीक दिसले. कूळकायदा करून कसेल त्याची जमीन म्हणणाऱ्या आपल्या राज्याला मात्र कसणाऱ्याच्या पिकावरचे जनावर हटवण्याचा हक्क अजून देता आलेला नाही.

तिथे समझोता झाला कारण भांडणारे दोघेही टेबलाशी होते. आपल्याकडे टेबलाशी वनखाते असते, पर्यटन खाते असते, शहरातले निसर्गप्रेमी असतात. बांधाचा मालक नसतो. डोंगरावरची त्याची मालकी तर केव्हाच काढली. मावळ-कोकणातले मालकी डोंगर ३० ऑगस्ट १९७५ ला खाजगी वने संपादन कायद्याखाली सरकारकडे गेले. कित्येकांना ते सातबाऱ्यावरचा शेरा पाहून पुढे अनेक वर्षांनी कळले. डोंगर गेला, डोंगरातले जनावर सरकारचे झाले आणि राहिलेल्या खाचरातून वाट गेली.

मग मागायचे काय? सरसकट वाट बंद करा, असे काही गावांत तरुण म्हणू लागले आहेत. आमचे मत तसे नाही. वाट बंद केली तर भाकरी बंद होते आणि शहरात आपल्या बाजूने बोलणारे उरलेसुरले लोकही जातात. वाट ग्रामसभेने ठरवावी. गावनकाशातल्या जुन्या पायवाटा कोणत्या, त्यांतल्या कोणत्या बांधावरून गडाला माणसे सोडायची, लावणीच्या पंधरवड्यात कोणता वळसा द्यायचा, सप्टेंबर ते नोव्हेंबर राखणीच्या दिवसांत रात्रीची चढाई कोणत्या अंगाने बंद ठेवायची, हे ठरवणारे आपण असावे. माणशी शुल्क घ्यावे आणि त्यातला ठरलेला वाटा ज्यांच्या बांधावरून वाट जाते त्यांना थेट द्यावा. हे अशक्य नाही. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात आधी नोंदणी घेऊन मोजकीच माणसे सोडतात, शुल्क घेतात आणि व्यवस्था आसपासच्या गावांची समिती पाहते. फुलांना जमते ते भाताला का जमू नये?

जनावराच्या बाबतीत केरळकडे पाहावे. केंद्राने रानडुकराला उपद्रवी जनावर जाहीर करावे म्हणून तिथल्या सरकारने अनेकदा मागणी केली, ती फेटाळली गेली. मग २०२२ च्या मे महिन्यात त्यांनी पंचायतीच्या अध्यक्षांना आणि इतर स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना मानद वन्यजीव रक्षक नेमून पिकावरचे रानडुक्कर मारण्याचा आदेश देण्याचा अधिकार दिला. परवानाधारक बंदूकवाल्यांची यादी पंचायतीकडे असते. हेच महाराष्ट्रात सरपंचाला का देऊ नये? केंद्राला कलम ६२ खाली ठरावीक भागासाठी, ठरावीक मुदतीसाठी असे जाहीर करता येते आणि २०१५-१६ मध्ये बिहार, उत्तराखंड, हिमाचल या राज्यांसाठी त्यांनी ते केलेही होते. तेव्हा दिल्लीत मंत्र्यामंत्र्यांत जाहीर वाद झाला. पर्यावरण मंत्री आपल्या पुण्याचेच प्रकाश जावडेकर होते आणि शेतकऱ्याचे नुकसान होते म्हणून राज्याच्या मागणीवरून परवानगी दिली, असे ते सांगत होते. त्या वेळी आपण त्यांच्या पाठीशी किती उभे राहिलो, हेही एकदा आठवावे. आणि भरपाई द्यायची तर मोडलेली धाटे मोजून नको, जंगलापासून लांबच्या शेतातले उत्पन्न आणि आपले उत्पन्न यांतल्या फरकावर द्या.

चहा संपताना त्या मुलाने विचारले, "काका, शेवटी तुम्हाला आम्ही आलेले चालते की नाही?" आम्ही त्याला आमच्या शेजारच्या तीन एकरांची गोष्ट सांगितली. दोन वर्षे डुकरांनी भात ठेवले नाही, म्हातारा-म्हातारी दमली, पोरगा चाकणला कंपनीत लागला, रान पड पडले. तिसऱ्या वर्षी एजंट आला. आता तिथे भिंत आहे. मुले जिथून पूर्वी चढत ती वाट त्याच भिंतीच्या आत आहे. मुलाला ती भिंत आठवली. "म्हणजे तिथून आधी जाता यायचे?" असे म्हणून तो गप्प झाला.

तार आम्ही घातली. वाटेच्या तोंडाशी हाताने उघडता येईल असे फाटक केले, स्प्रिंगच्या हँडलचे, आणि पाटी लावली: फाटक उघडा, पलीकडे गेल्यावर लावा, तारेला हात लावू नका, संध्याकाळी सहानंतर मशीन चालू असते. दिवाळीच्या सुट्टीत ती चारही मुले आली. फाटक लावून गेली. त्यांच्या मागून आलेल्यांनी ते उघडे टाकले आणि त्या रात्री डुकरे त्याच वाटेने आत आली, हेही सांगितले पाहिजे. पाच गुंठे गेले. पुढच्या रविवारपासून फाटकाशी गावातला एक पोरगा बसतो, माणशी दहा रुपये घेतो. बहुतेक लोक कुरकुर न करता देतात.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन कागद आणावेत: गावनकाशाची प्रत, त्यावर गडाच्या आणि धबधब्याच्या चालू वाटा लाल पेन्सिलीने काढून, गेल्या तीन वर्षांत नुकसानीसाठी केलेल्या अर्जांच्या पोचपावत्या, आणि डुकराच्या परवान्यासाठी वनक्षेत्रपालाकडे अर्ज केला असेल तर त्याचे उत्तर. उत्तर आले नसेल तर अर्जाची तारीख लिहून आणावी.